वृषणाचं जुनं दुखणं आणि दुसरं मत : यात चोरी कसली?

“डॉक्टर, रागावू नका, पण ह्यांना आम्ही दुसरीकडे दाखवलं.”

काही वर्षांपूर्वी सासूबाईंची शुगर दाखवायला आलेल्या एका बाईंनी मला हे सांगितलं. त्यांचे यजमान पस्तिशीतले. डाव्या वृषणात, म्हणजे बोलीभाषेत गोटीत, दुखतं म्हणून पाच महिने ते माझ्याकडे येत होते. मी तपासलं तेव्हा गाठ लागली नाही, सूज नव्हती, वृषणाची सोनोग्राफीही नॉर्मल होती. इन्फेक्शन असेल म्हणून मी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा कोर्स दिला. मग तिसरा. चौथ्यांदा ते आलेच नाहीत. बरे झाले असतील, असं मी धरून चाललो.

ते बरे झालेही होते, पण माझ्यामुळे नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करून घेतली, तर डाव्या किडनीला सूज होती. सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा दिसला. दुर्बिणीने खडा काढला आणि दुखणं थांबलं. नंतर मी फाइल उघडून पाहिली. लघवीच्या रिपोर्टमध्ये लाल पेशी थोड्या जास्त होत्या. रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. हे गृहस्थ भिडेखातर माझ्याच गोळ्या खात राहिले असते, तर ती किडनी कायमची खराब होऊ शकली असती.

माझी चूक मला लागली. पण “रागावू नका” हे शब्द जास्त लागले. स्वतःच्या शरीरासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना माणसाला चोरी केल्यासारखं का वाटावं? कारण आम्ही डॉक्टरांनी तसं वातावरण करून ठेवलंय. “तिकडे गेला होतात ना, मग आता तिकडेच जा,” हे वाक्य आमच्या व्यवसायात नवीन नाही. ते चूकच आहे आणि ते आम्ही बंद केलं पाहिजे.

हेच दुखणं का चकवतं?

बाळ आईच्या पोटात असताना वृषणं त्याच्या पोटात, किडनीजवळ तयार होतात आणि मग खाली पिशवीत उतरतात. उतरताना आपल्या नसा वरूनच घेऊन येतात. त्यामुळे बिघाड वर असतो आणि दुखतं खाली. मूत्रवाहिनीतला खडा, जांघेतला हर्निया, पाठीच्या मणक्यात दबलेली नस, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, यांपैकी कशाचीही कळ वृषणात जाणवू शकते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जाळीपाशी नस अडकली तरी तिथे दुखतं. नसबंदीनंतरही काही पुरुषांना असा त्रास राहतो.

तिथलीच कारणं म्हणजे वृषणामागच्या नळीची सूज, पाणी भरणं (हायड्रोसील), फुगलेल्या शिरा (व्हेरिकोसील). आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही आणि पूर्व विदर्भात हत्तीरोगही. इतकं शोधूनही बऱ्याच जणांत नेमकं कारण सापडत नाही, हेही खरं आहे.

म्हणून फक्त वृषणाची सोनोग्राफी करून “सगळं नॉर्मल आहे” म्हणणं हे निदान नाही. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या जागी डोळ्याला काही दिसलं नाही. पुढचं वाक्य “मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका” असेल, तर रुग्णाने जरूर विचारावं : इतर कुठून हे दुखणं येत असेल का, ते पाहिलंय का? तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्याला आम्ही जुनं दुखणं म्हणतो. तोवर कारण कळलं नसेल आणि दर वेळी नुसती गोळी बदलत असेल, तर दुसरं मत घ्या. सूज किंवा गाठ असेल आणि औषधांचा एक कोर्स पूर्ण होऊनही ती उतरली नसेल, तर तीन महिनेही थांबू नका. वृषणाचा कर्करोग तरुण वयात होतो. त्याची गाठ बहुधा दुखत नाही, पण दुखतंय म्हणजे कर्करोग नाहीच, असंही नसतं.

ऑपरेशन सांगितलं असेल तर

सोनोग्राफीत व्हेरिकोसील दिसलं, म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख मिळते. पण फुगलेल्या शिरा असलेल्या बहुतेक पुरुषांना काहीच दुखत नाही. मग तुमचं दुखणं त्यामुळेच आहे कशावरून, हा प्रश्न रास्त आहे. काही वेळा नसांपाशी बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने दुखणं थांबलं तर मूळ त्या भागात असण्याची शक्यता वाढते, नाही थांबलं तर दुसरीकडे शोधावं लागतं. केवळ दुखण्यासाठी वृषणच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला असेल, तर दुसऱ्या मताशिवाय सही करू नका. काढल्यावरही काहींचं दुखणं राहतं, आणि काढलेलं परत बसवता येत नाही.

आमचे आक्षेप

माझे व्यवसायबंधू म्हणतील, अशाने रुग्ण दहा दारं फिरेल. पण आज तो फिरतोच आहे, तेही लपून आणि जुने कागद घरी ठेवून. त्यामुळे त्याच तपासण्या आणि तीच औषधं पुन्हा होतात. आपणच चिठ्ठी देऊन योग्य ठिकाणी पाठवलं, तर खर्च वाचतो आणि उत्तरही परत येतं.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. रुग्णाचा विश्वास म्हणजे त्याने आपल्यापाशी बांधून राहणं नव्हे. मला स्वतःला उद्या ऑपरेशन सांगितलं, तर मी दोन मित्रांना फोन करीन. कुठलाही डॉक्टर हेच करेल. मग रिक्षावाल्याने किंवा शेतकऱ्याने केलं तर तो अपमान कसा? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत १७ हक्क आहेत, त्यांत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. म्हणजे ही मेहेरबानी नाही.

पण दुसरं मत कुणाचं?

इथे थोडा राग रुग्णांवरही आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवरचं “गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज” हे दुसरं मत नव्हे. लैंगिक दुबळेपणावर इलाजाच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या भिंतीवर टिकून आहेत, कारण आपण लाजतो. मित्राने सांगितलेली गोळी किंवा मेडिकलवाल्याने दिलेलं इंजेक्शन हेही मत नव्हे. युरॉलॉजिस्टकडे जा. जवळ नसेल किंवा परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.

जाताना एवढं करा :

१. सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म, घेतलेल्या औषधांची नावं आणि किती दिवस घेतली, हे सोबत न्या. लपवू नका.

२. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे जातं, बसल्यावर, गाडी चालवल्यावर, लघवीच्या वेळी किंवा संबंधानंतर वाढतं का, हे कागदावर लिहा. नसबंदी, हर्निया, मुतखडा, पाठदुखी, डायबेटिस असेल तर तेही.

३. तीन प्रश्न विचारा : तुमच्या मते कारण काय? आणखी काय असू शकतं? या उपचाराने फरक पडला नाही तर पुढे काय?

४. दोन मतं वेगळी निघाली, तर घाबरून तिसऱ्याकडे धावू नका. पहिल्या डॉक्टरांकडे परत या आणि फरक का आहे ते विचारा.

इथे मात्र थांबू नका

अचानक जोरात दुखायला लागलं, सोबत मळमळ किंवा उलटी असेल, वृषण वर ओढल्यासारखं झालं असेल, तर त्याला पीळ पडलेला असू शकतो. विशेषतः वयात येणाऱ्या मुलांत. रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. त्या रात्री पहिलं-दुसरं मत करत बसू नका, ज्या रुग्णालयात ऑपरेशन होतं तिथे थेट जा. मुलांना हेही सांगून ठेवा, की तिथे दुखलं तर आईला सांगायला लाजायचं नाही.

ते गृहस्थ आता पुन्हा माझ्याकडे येतात, बीपीसाठी. पहिल्यांदा आले तेव्हा खाली मान घालून बसले होते. मी म्हटलं, “तुम्ही गेलात ते बरं केलंत. फक्त मला सांगून गेला असतात, तर चिठ्ठी दिली असती.” ते म्हणाले, “सांगितलं असतं, पण तुम्ही रागावला असतात.”

खरं सांगायचं तर तेव्हा कदाचित रागावलोही असतो. आता नाही रागावणार. तुमचे डॉक्टर रागावत असतील, तर तो त्यांचा प्रश्न आहे. तुम्ही तुमची फाइल घ्या आणि जा.