निरोगी कळपाचें रक्त कां तपासावें?

रोग आला म्हणजे औषधाकडे धांव घ्यावी हें सर्वांस समजतें. परंतु धडधाकट दिसणाऱ्या जनावरांचें रक्त तपासण्यांत द्रव्य व श्रम कां खर्ची घालावे, असा प्रश्न पुष्कळजण करितात. डुकरांमधील कोरोना-विषाणूंच्या शोधाचा इतिहास त्याचें उत्तर देतो, असें आम्हांस वाटतें.

१९४६ सालीं अमेरिकेंत डुकरांच्या एका सांसर्गिक अतिसाराचें वर्णन प्रसिद्ध झालें. दोन आठवड्यांच्या आंतील पिलें या रोगानें बहुधा दगावतात. त्याचें कारण एक कोरोना-विषाणु होय. विषाणु शरीरांत शिरला कीं रक्तांत त्याच्याशीं झुंजणारीं प्रतिपिंडें तयार होतात व रोग गेल्यावरहि कांहीं काळ टिकतात. म्हणून थोड्या जनावरांच्या रक्तावरून साऱ्या कळपाचा पूर्ववृत्तांत कळूं शकतो.

परंतु ही खूण जपून वाचावी लागते. १९८४ सालीं बेल्जममध्यें त्याच घराण्यांतील एक नवा विषाणु सांपडला. मूळ विषाणूच्या जनुकाचा कांहीं भाग गळून तो निर्माण झाला होता. तो श्वासमार्गांत राहतो व बहुधा सौम्य असतो. जुन्या परीक्षेस दोहोंच्या प्रतिपिंडांतला भेद कळेना. त्यामुळें निर्दोष कळपावरहि घातक रोगाचा शिक्का बसण्याचें भय उत्पन्न झालें. पुढें भेद दाखविणारी परीक्षा निघाली, तेव्हां हें भय दूर झालें.

२०१६-१७ सालीं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत वटवाघळांतील विषाणूशीं जवळचें नातें असलेल्या एका कोरोना-विषाणूनें सुमारें २५ हजार पिलें मेलीं. तेव्हां आजारी डुकरांच्या निकट वावरणाऱ्या ३५ कामकऱ्यांचेंहि रक्त तपासलें. एकाच्याहि रक्तांत त्याचीं प्रतिपिंडें आढळलीं नाहींत. तपासणी संशय उत्पन्न करिते, तशी ती निराधार भीतीहि घालविते.

यास्तव आमचें मत असें कीं, अशी पाहणी सांथ येण्यापूर्वींच नियमानें व्हावी; मात्र ज्याच्या कळपांत खूण सांपडली त्यास अपराधी ठरवूं नये. तसें केलें, तर उद्यां दुसरा धनी रक्त देण्यास पुढें येणार नाहीं, आणि रोग नजरेआड वाढेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें पशुवैद्य होतील, त्यांनीं सुई हातीं घेण्यापूर्वीं त्या धन्याचा विश्वास संपादावा; आणि इतरांनीं एका खुणेवरून कोणासहि दोषी मानण्याची घाई करूं नये.