स्वस्त संच, महाग दुरुस्ती

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सणासुदीच्या तोंडावर मिळालेल्या या सवलतीचे ग्राहक, विक्रेते आणि उत्पादक या तिघांनीही स्वागत केले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु टिकाऊ वस्तूची खरी किंमत दुकानातील पावतीपाशी संपत नाही. खरेदीची रक्कम, वापराच्या काळातील दुरुस्तीचा खर्च आणि वस्तू किती वर्षे चालली, ही तीन पदे एकत्र मांडल्याखेरीज ती वस्तू आपल्याला वर्षाकाठी कितीला पडली हे कळत नाही. यांपैकी पहिल्या पदाविषयी शासन बोलते, वृत्तपत्रे बोलतात, जाहिराती तर बोलतातच. उरलेल्या दोन पदांविषयी मात्र सर्वत्र मौन आहे.

हे मौन किती महागात पडते, हे एका साध्या गणिताने दाखविता येईल. समजा, एका संचाची करासह किंमत ३०,००० रुपये आहे आणि तो सहा वर्षे चालतो. वर्षाकाठी खर्च झाला ५,००० रुपये. कर २८ वरून १८ टक्के झाल्यावर, विक्रेत्याने पूर्ण लाभ ग्राहकाला दिला असे धरले, तर तोच संच सुमारे २७,६५० रुपयांस मिळेल आणि वार्षिक खर्च सुमारे ४,६०० रुपयांवर येईल. आता करकपात क्षणभर बाजूला ठेवून, मूळ ३०,००० रुपयांच्या संचावर ३,००० रुपये खर्चून त्याचे आयुष्य आठ वर्षांपर्यंत नेता आले असे मानू. वार्षिक खर्च होतो ४,१२५ रुपये. म्हणजे शासनाला महसुलाची झळ सोसून जे साधता आले, त्याहून अधिक लाभ एका यशस्वी दुरुस्तीने पदरात पडू शकतो. असे असताना दुरुस्ती हा आर्थिक धोरणाचा विषय होऊ नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

बिघाड कोठे होतो?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत चित्र आले. त्या काळातील पिक्चर ट्यूबचे संच बोजड होते, वीजही बरीच खात. परंतु त्यांची रचना गल्लीतल्या कारागिराला उमगणारी होती. सर्किटचा आराखडा मिळविणे त्याला कठीण नव्हते आणि बिघडलेला एखादा ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर तेवढाच बदलून संच पुन्हा सुरू होई. ट्यूब गेली तर खर्च मोठा असे, पण ट्यूब बदलून संच वापरणारी कुटुंबे तेव्हा अपवादात्मक नव्हती.

आजच्या सपाट पडद्याच्या संचाचे मुख्य भाग चारच आहेत : चित्र उमटविणारे काचेचे पॅनेल, त्याच्या पाठीमागून प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, वीजपुरवठ्याचा बोर्ड आणि संकेतांवर प्रक्रिया करणारा मुख्य बोर्ड. यांखेरीज पॅनेलला चित्राची आज्ञा देणारा, ज्याला कारागीर टी-कॉन म्हणतात, तो एक छोटा बोर्ड असतो. आवाज येतो पण पडदा काळा राहतो, ही अगदी नेहमीची तक्रार. अशा वेळी अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारला असता अंधूक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत असून मागचा प्रकाश गेला आहे असे बहुधा समजावे. या पट्ट्यांतील दिवे सामान्यतः एकसरीत जोडलेले असतात. त्यामुळे एक दिवा गेला तरी सगळी माळ विझते. पट्ट्या बदलण्याचे काम पॅनेलच्या मानाने थोड्या खर्चाचे आहे. त्यातला खरा धोका पातळ काच उचलताना तडकण्याचा. याउलट पडद्यावर उभ्या रेषा उमटल्या, तर दोष पुष्कळदा काचेच्या कडेला चिकटविलेल्या नाजूक पट्टीच्या जोडणीत असतो. पडदा पुसताना द्रव थेट फवारला की तो ओघळून खालच्या कडेत शिरतो आणि नेमकी हीच जोडणी खराब करतो. विजेच्या दाबातील चढउतार, वळवाच्या पावसात केबलमधून शिरणारा विजेचा झटका, कोकणपट्टीतील खारी दमट हवा, ही आपल्याकडची आणखी कारणे.

तात्पर्य, चित्र बिघडले म्हणजे पॅनेल गेले असे नव्हे. तरीही हमीची मुदत, जी सामान्यतः वर्षाची असते, संपल्यानंतर ग्राहकाला पुष्कळदा एकच उत्तर ऐकू येते : पॅनेल गेले, त्याच्या किमतीत थोडी भर घातली की नवा संच येईल. ज्या कुटुंबाने संच हप्त्यांवर घेतला आहे, त्याचे हप्ते फिटण्यापूर्वीच हे उत्तर कानी येण्याची शक्यता असते. ते उत्तर खरे की खोटे, हे ताडून पाहण्याचे साधन त्या कुटुंबापाशी नसते.

दुरुस्ती महाग का?

याचे एक उत्तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रांमुळे उत्पादकता वाढत जाते, पण माणसाच्या हातच्या सेवेत ती त्या गतीने वाढत नाही. परिणामी सेवा तुलनेने महाग होत जाते. दुरुस्ती ही अशीच सेवा आहे. पाश्चात्त्य देशांत मजुरीचे दर चढे असल्याने तेथे नादुरुस्त वस्तू फेकून देणे परवडते, हे या सिद्धान्ताने समजते. भारताला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे कुशल कारागिराचा तास अजूनही स्वस्त आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फेरी मारणाऱ्याला सुटे भाग आणि कसब यांचा दुष्काळ दिसणार नाही. मग येथेही दुरुस्ती परवडू नये, याची कारणे मजुरीत नाहीत. ती भागांच्या किमतीत आणि माहितीच्या अभावात आहेत.

भागांपैकी पॅनेलचा प्रश्न खरोखर अवघड आहे. संचाच्या उत्पादनखर्चात त्याचा वाटा साधारणपणे ६० ते ७० टक्के मानला जातो आणि आपल्याकडे तो प्रामुख्याने आयात होतो. त्यावरील सीमाशुल्काचे धोरणही हेलकावे खात आले आहे : २०१९ च्या सप्टेंबरात ‘ओपन सेल’ पॅनेलवरील शुल्क रद्द झाले, १ ऑक्टोबर २०२० पासून ते ५ टक्क्यांनी पुन्हा लागले, २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच्या घटकांवरील शुल्क अडीच टक्क्यांवर आणले गेले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात तेही काढून टाकण्यात आले. या सर्व निर्णयांमागे देशात संच तयार व्हावेत हा हेतू होता, आणि तो योग्यच आहे. परंतु तयार झालेला संच चालू राहावा, यासाठी तेवढ्या तत्परतेने काही केल्याचे दिसत नाही.

दुसरे कारण माहितीचे. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले की, विक्रेत्याला माहीत असलेले दोष खरेदीदाराला माहीत नसतील, तर बाजारच विकृत होतो. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये याहून पुढची पायरी मांडली. काही सेवा अशा असतात की, त्या घेतल्यानंतरही त्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला उमगत नाही. दुरुस्ती ही या वर्गातली सेवा होय. बोर्ड बदलला आणि संच सुरू झाला; पण बोर्ड बदलणे आवश्यक होते की दहा रुपयांचा कपॅसिटर पुरेसा होता, हे कोण सांगणार? येथे केवळ कंपन्यांना दोषी धरणे अन्यायाचे होईल. रस्त्यावरचा दुरुस्तीवालाही या अज्ञानाचा लाभ घेऊ शकतो व घेतो.

तिसरे कारण मक्तेदारीचे. संच घेताना ग्राहकापुढे दहा कंपन्या असतात. एकदा तो घरी आला की, त्याच्या खास भागांसाठी एकच दार उरते. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी या प्रश्नावर महत्त्वाचा निर्णय दिला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धेला बाधक आहे, असे ठरवून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्यावर पुढे न्यायालयीन लढाई झाली. परंतु वस्तू विकल्यानंतरच्या बाजारपेठेतही मक्तेदारी असू शकते हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. जे मोटारीला लागू, ते घरातील संचाला का लागू नसावे?

उत्पादकांची बाजू

उत्पादकांचेही काही म्हणणे आहे आणि ते टाळून चालणार नाही. प्रतिमाने दरवर्षी बदलतात. प्रत्येकाचे पॅनेल वर्षानुवर्षे साठवून ठेवले तर त्याचा खर्च शेवटी नव्या ग्राहकाच्याच माथी बसतो. अननुभवी हातांनी वीजपुरवठ्याचा बोर्ड उघडणे धोक्याचे असते. पहिला मुद्दा पॅनेलपुरता मान्य करता येईल. पण प्रकाशाच्या पट्ट्या, वीजपुरवठ्याचे बोर्ड, जोडण्या आणि रिमोट यांना तो लागू पडत नाही. त्यांचा साठा थोड्या जागेत व थोड्या भांडवलात होतो. धोक्याचा मुद्दा तर उलट दिशेने नेतो. आराखडा हाती नसलेला कारागीर अंदाजाने काम करतो आणि धोका वाढतो तो त्यामुळेच.

युरोपीय संघाने हा विवेक दाखविला आहे. १ मार्च २०२१ पासून लागू असलेल्या तेथील नियमांनुसार पडद्यांचे अंतर्गत वीजपुरवठा, जोडण्या, मोठे कपॅसिटर इत्यादी भाग, त्या प्रतिमानाची विक्री थांबल्यानंतर किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. पॅनेलचा त्या यादीत समावेश नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शक्य तेवढे मागावे आणि ते कसोशीने पाळून घ्यावे, अशी ती दृष्टी आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दूरचित्रवाणी संचासह पाच प्रकारच्या वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले आणि जानेवारी २०२५ पासून संचांसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या निर्देशांकाने घेतली.

आपल्याकडेही पावले पडली आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत गृहोपयोगी टिकाऊ वस्तूंचा समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा शासनाला सादर झाला. परंतु त्यात अग्रक्रम मिळाला तो स्मार्टफोन व टॅब्लेट यांना. दूरचित्रवाणी संच रांगेत मागेच राहिला. संकेतस्थळावर कंपन्यांनी माहिती ठेवणे उपयुक्त आहे. पण भाग किती वर्षे व कोणाला द्यायचे याचे कायदेशीर बंधन त्यातून निर्माण होत नाही.

काय करता येईल?

मागण्या थोड्या आणि व्यवहार्य असाव्यात. संचावर ऊर्जाबचतीचे तारे छापता येतात, तर त्याच्याच शेजारी सुटे भाग किती वर्षे मिळतील हे छापणे अशक्य नाही. पॅनेलची बदली किंमत विक्रीच्या वेळीच जाहीर करावी. ती संचाच्या किमतीच्या किती पट आहे हे दिसले की, ग्राहक आपोआप तुलना करू लागेल आणि स्पर्धा त्या दिशेने वळेल. पॅनेलखेरीज अन्य भाग किमान सात वर्षे आणि सर्किटचे आराखडे कायमचे, स्वतंत्र कारागिरांनाही वाजवी दरात मिळावेत. कंपनीचे सेवाकेंद्र असो वा खासगी दुकान, निदान लेखी द्यावे आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हाती परत द्यावा, एवढ्या एका नियमानेही निम्म्या फसवणुकीला आळा बसेल. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमांना कंपन्यांनी चालू प्रतिमानांचे नमुने पुरवावेत. दुरुस्तीवर खर्च झालेला रुपया गावातल्या मजुरीत उतरतो, नव्या पॅनेलवर खर्च झालेला बहुतांशी परदेशी जातो. रोजगाराची चिंता करणाऱ्या राज्याने हा भेद ध्यानात घ्यायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या संचांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कचरा होण्याआधीचे वर्ष वाढविणे हे कचरा गोळा करण्याहून केव्हाही स्वस्त.

तोवर ग्राहक अगदीच निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो स्वतःच्या जिल्ह्यातच जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर प्राथमिक दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती, हमीपत्र आणि निदानाचा लेखी कागद जवळ हवा. सत्तरच्या दशकात ग्राहक पंचायतीची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली ती वजन, माप आणि भेसळ यांच्या प्रश्नांवर. आज फसवणुकीचे माप बदलले आहे; ते बंद डब्यातल्या बोर्डावर आणि न सांगितलेल्या किमतीत लपलेले आहे. ग्राहक संघटनांनी हा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तर निर्देशांकाच्या रांगेत दूरचित्रवाणी संचाचा क्रमांक पुढे सरकण्यास वेळ लागणार नाही. करकपातीने एकदाच दिलासा मिळाला. दुरुस्तीच्या हक्काने तो संच चालू असेपर्यंत मिळत राहील.