चित्रातली आई आणि दूध पाजणारी बाई

परवा स्टाफरूममध्ये एका सरांनी मोबाइलवर एक जुनं फ्रेंच चित्र दाखवलं. मुलांनी चारी बाजूंनी वेढलेली, सुखावून मागे रेललेली आई आणि शिकारीहून परतलेला, हात पसरून कौतुकाने पाहणारा बाप. खाली ओळ होती, 'आई अशी असायची.' सरांनी ती मोठ्याने वाचली, सहा महिन्यांचं बाळ सासूजवळ ठेवून नुकत्याच रुजू झालेल्या आमच्या एका शिक्षिकेसमोर. ती काही बोलली नाही. म्हणून मी लिहिते आहे.

हे चित्र झां-बाप्तिस्त ग्रूझ याचं, 'लाडकी आई'. १७७५ मध्ये झां मासार याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याचे छाप विकले गेले. चित्रातलं कुटुंब लाबोर्द नावाच्या दरबारी बँकरचं. घर मात्र खेड्यातलं, साधंसुधं दाखवलंय. या लाबोर्दचे आजच्या हैतीत उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत. गुलाम बाईच्या पोटचं मूल कायद्याने तिच्या मालकाचं होई. त्या आईला या चौकटीत जागा नाही.

आता त्या काळचं पॅरिस पाहा. पोलीसप्रमुख लनुआर यांचा १७८० चा हिशेब प्रसिद्ध आहे: शहरात वर्षाला सुमारे २१,००० मुलं जन्मत, त्यांतली जेमतेम १,००० आईच्या दुधावर वाढत. बहुतेक बाळं खेड्यांत, पैसे घेऊन दूध पाजणाऱ्या बायकांकडे जात. पाठवणाऱ्या आया सगळ्या काही ऐषआरामी नव्हत्या. कारागिरांच्या बायकांना नवऱ्याच्या बरोबरीने राबावं लागे. आणि खेड्यातली ती बाई स्वतःच्या लेकराच्या वाटचं दूध विकत होती. कितीतरी बाळं परत आलीच नाहीत.

मग ही चित्रं का खपली? कारण ती उपदेश होती. १७६५ मध्ये या चित्राचा कच्चा आराखडा पाहून दिदरोने त्याची वाखाणणी केली ती याच कारणासाठी, की ते लोकसंख्या वाढवण्याचा उपदेश करतं. जे घरोघरी असतं, त्याचा उपदेश करावा लागत नाही. आयांनी स्वतः दूध पाजावं, असं रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये सांगितलं. स्वतःची पाच मुलं मात्र त्याने अनाथालयात टाकली. बीएडला रूसोचा निसर्गवाद आम्ही पाठ केला. त्या पाच मुलांवर प्रश्न कधी आला नाही. ग्रूझचा स्वतःचा संसारही १७९३ मध्ये घटस्फोटाने संपला.

आपण मुसलमान म्हणू, आमच्याकडे दूध पाजणारी ही रजाई माँ असते, तिच्या लेकरांशी निकाहसुद्धा होत नाही. हज़रत हलीमांचं नाव पोराटोरांनाही ठाऊक असतं. खरंच आहे. पण आपल्या घरी मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईची मुलं दिवसभर कुणाजवळ असतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

आईची माया मी नाकारत नाही. त्या मायेची तसबीर करून कामावर जाणाऱ्या बाईला टोचणं, याला माझा विरोध आहे. सर, चित्र जरूर पाहा, फार सुंदर कोरलंय. मग शाळेत पाळणाघरासाठी एक खोली मिळावी म्हणून मी लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवलाय, त्यावर सही करा.