भांड्याला भांडे लागायचेच?

घरात दोन माणसांचे वाजले, की वडीलधारी मंडळी समजूत घालतात, "अहो, संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच!" म्हण गोड आहे, पण ती ऐकवणाऱ्यांनी स्वतः भांडी किती घासली असतील, याची मला दाट शंका आहे. फडताळात ओळीने मांडलेली भांडी कुणाला लागत नाहीत. आवाज होतो तो मोरीत ढीग पडल्यावर, आणि तो कुणी उपसायचा हे ठरलेले नसल्यावर. घरातली बरीचशी भांडणे पैशावरून किंवा पाहुण्यांवरून झाल्यासारखी दिसतात. जरा तळाशी हात घातला तर एखादे करपलेले दुधाचे पातेले हाताला लागते.

हा विषय कॉलेजच्या अंकाला शोभणारा नाही असे कुणाला वाटेल. पण आपल्या या अंकाची मराठी बाजू उघडा नाहीतर कानडी, दोन्हीकडचे लेखक जेवूनच लिहायला बसलेले असतात. मराठीत खरकटी भांडी म्हणा, कानडीत मुसुरे म्हणा, ती घासायला उठणारे माणूस दोन्ही घरांत बहुधा एकच असते. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे इतके एकमत दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर मी पाहिलेले नाही.

नावडते काम म्हणजे अवघड काम नव्हे. पुरणपोळी अवघड आहे, पण ती करायला कुणी कुरकुरत नाही, कारण पानात पडली की चार माणसे वाहवा करतात. मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढले म्हणून कुणी वाहवा केल्याचे ऐकले आहे काय? संडास घासणे, जळमटे काढणे, ओटा पुसून फडके पिळून वाळत घालणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करणे ही कामे केली तर दिसत नाहीत, राहिली तरच दिसतात. शिवाय ती संपत नाहीत. रात्री मोरी चकचकीत करून निजावे, तर सकाळी चहाचे भांडे, गाळणे आणि कपबशा जागेवर हजर. आणि सगळ्यात जाच त्या कामाचा, ज्याची वेळ आपल्या हातात नसते. आपल्या गावातल्या मुलींना हे सांगायला नको. २००८ पासून बेळगावच्या काही मोजक्या भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. जिथे ते पोचले नाही तिथे नळाला पाणी आले की हातातले पुस्तक टाकून उठावे लागते. मग परीक्षा उद्या असो की परवा. घागरी, पिंप, बादल्या भरून होईपर्यंत पुस्तकाचे पान तसेच उघडे असते. पाणी भरायचे श्रम फार नाहीत. आपल्या वेळेवर आपला हक्क नाही, हे त्यातले दुखणे आहे.

पुरुषमंडळी घरात काही करतच नाहीत असा आरोप मी करणार नाही. ती करतात, पण निवडून करतात. आठवड्याचा बाजार, दिवे-पंख्यांची दुरुस्ती, आणि रविवारचे मटण. या मटणाविषयी तर एक स्वतंत्र लेख होईल. सकाळपासून त्याची चर्चा, मसाला कुणाच्या हातचा यावर वाद, वाटण वाटून देणारी वेगळी, कांदा चिरून देणारी वेगळी, आणि शेवटी डाव फिरवणाऱ्याला शाबासकी. घरातले एकही पातेले त्या दिवशी कोरडे राहत नाही. मग वडील तृप्त होऊन आडवे होतात आणि मोरीशी आई उभी राहते.

कुणी म्हणेल, या घरगुती तक्रारी झाल्या, याला पुरावा काय? पुरावा सरकारनेच गोळा केला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, एवढेच विचारले. सहा वर्षांवरील बायकांपैकी शंभरात एक्याऐंशीजणी घरातले बिनमोल काम रोज करतात आणि पुरुषांपैकी सव्वीसजण, असे निघाले. जे करतात त्यांचाही वेळ पाहा : बाई दिवसाला २९९ मिनिटे, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा बायकांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनी लगोलग आपलीही नऊ वाचवून घेतली!

यावर नेहमीचे उत्तर असते, "आम्हांला येत नाही हो." हे उत्तर निदान आपल्या कॉलेजात तरी कुणी देऊ नये. खानापूर, चंदगडकडची कितीतरी मुले इथे खोल्या घेऊन राहतात. चौघांत एक गॅसची शेगडी, दोन पातेली, एक कुकर आणि एक तवा. ही मुले भात लावतात, आमटीला फोडणी देतात, भाकरी जमली नाही तर चपातीवर भागवतात, केरही काढतात. त्यांच्यात भांडी घासण्यावरून भांडणे होतात, आणि मग दारामागे खडूने वार लिहून वाटणीही होते. म्हणजे येते सगळे. पण हाच मुलगा शनिवारी दुपारची बस धरून गावी जातो, तेव्हा त्याच्या पिशवीत आठवड्याचे मळके कपडे असतात. उंबरठा ओलांडताच त्याचे हात दुखू लागतात. जेवून ताट तिथेच सरकवतो, कारण घरी ते उचलायला बहीण आहे. सोमवारी पिशवी परत येते ती धुतलेल्या कपड्यांची, वर चिवड्याचा डबा. जे काम बेळगावात येते, ते तीस मैलांवर विसरायला होते, असा हा चमत्कार आहे.

आता शांततेविषयी. आपल्याकडे ज्या घरात आवाज होत नाही त्याला सुखी घर म्हणतात. पण ही शांतता बहुधा कुणीतरी एकटी राखत असते. तोंडातून शब्द निघत नाही, भांडी मात्र जरा जोराने ठेवली जातात. आणि घरातले बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात. नुसते काम करून भागत नाही, ते हसतमुखाने केले पाहिजे, अशीही आपली अपेक्षा असते. या अपेक्षेची एक थोरामोठ्यांची गोष्ट आहे.

बेळगावला १९२४ साली काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण येता-जाता पाहतो. पण त्याच गांधीजींच्या घरचा १८९८ चा, डर्बनमधला प्रसंग आपल्याला कुणी सांगत नाही, जरी त्यांनी तो आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवला आहे. घरात मोऱ्यांची सोय नव्हती, खोल्यांतून लघवीची भांडी ठेवावी लागत. त्यांचे कारकून त्यांच्याच घरी राहत. जुने आपापली भांडी स्वतः साफ करीत. पण एक नवा आलेला ख्रिस्ती कारकून होता, त्याचे आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीतले. त्याचे भांडे या दोघा नवराबायकोंनी उचलायचे ठरले. कस्तुरबांना ते उचलवेना आणि नवऱ्याने उचललेलेही बघवेना. त्या डोळ्यांत पाणी आणून भांडे घेऊन जिना उतरल्या. तर गांधीजींचे समाधान नाही! तेही आनंदाने केले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. शब्दाला शब्द लागला आणि त्यांनी बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या देशात मी जाऊ कुठे, जनाची तरी लाज बाळगा, असे त्यांनी सुनावल्यावर ते भानावर आले.

या गोष्टीत दोघांचेही चुकते आणि दोघांचेही काहीसे बरोबर आहे. कस्तुरबांच्या मनात जातीचा विटाळ होता, तो जायलाच हवा होता. नावडत्या कामांच्या आपल्या यादीत घाण किती आणि जात किती, हे आजही तपासून पाहण्यासारखे आहे. गांधीजी निदान स्वतः भांडी उचलत होते. आपल्यातले किती उचलतात? पण काम करून घ्यायचे आणि वर चेहराही आपल्या पसंतीचा मागायचा, ही जबरदस्ती झाली. तोंड वाकडे करून काम करण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असला पाहिजे. मला वाटते, घरातली खरी शांतता इथून सुरू होते.

दुसरे म्हणजे 'मदत' हा शब्द घरातून हद्दपार करावा. "मी बायकोला मदत करतो" असे एखादा अभिमानाने सांगतो तेव्हा काम तिचे आहे हे तो आधीच ठरवून टाकतो. कचऱ्याचेच घ्या. सांगितल्यावर बादली खाली नेऊन देणे ही मदत. घंटागाडी केव्हा येते, ओला कचरा वेगळा झाला की नाही, पिशवी संपत आली का, हे स्वतःच्या डोक्यात ठेवणे म्हणजे काम. "मला सांगितले असते तर केले असते" या वाक्याने घरात जेवढी चीड उत्पन्न होते तेवढी सरळ नकाराने होत नाही. नकार देणारा निदान खरे बोलतो.

आमच्या घरी गेल्या वर्षापासून कालनिर्णयाच्या चौकोनात नावाचे पहिले अक्षर लिहितो. ठरवताना आधी प्रत्येकाला आपले सर्वांत नावडते काम सांगायला लावले. गंमत अशी, की वडिलांना कपड्यांच्या घड्या करण्याचा कंटाळा नाही, मला तर तो जीवघेणा. उलट संडास घासायचे मला काही वाटत नाही. अदलाबदलीत बरेचसे सुटले. जे सगळ्यांनाच नको होते, ती रात्रीची भांडी, त्यांच्या पाळ्या लागल्या. पहिल्याच आठवड्यात धाकट्या भावाच्या पाळीला ढीग सकाळपर्यंत तसाच राहिला आणि आम्ही चहा कुकरच्या भांड्यात केला. त्यात कुणी मेले नाही.

पण सर्वांत अवघड गेले ते आईला. ती दोनदा रात्री उठली, आम्ही परत निजवले. भावाने घासलेल्या कढईला तेलाचा हात लागतो म्हणून ती गुपचूप पुन्हा घासू लागली. मी रागावले, तर ती म्हणाली, "मग मी या घरात करायचे काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. ज्या मोरीवर तिने पंचवीस वर्षे राग धरला, तिथलाच तिचा शब्द या घरात शेवटचा होता. तो हक्क आम्ही काढून घेतला. बदल्यात दिले काय, तर रिकामी संध्याकाळ. संध्याकाळ कशी घालवायची हे तिला कधी कुणी शिकवलेले नव्हते. हल्ली ती समोरच्या काकूंबरोबर फिरायला जाते; कढईकडे मात्र अजून तिरका डोळा असतो.

मुलाने भांडी घासली तर आया हळहळतात, हेही खरे. त्याच बाईचा जावई घासू लागला तर "माझ्या लेकीने नशीब काढले" म्हणून गल्लीभर सांगत फिरते. तेव्हा हा दोष एकट्या पुरुषांच्या माथी मारता येणार नाही.

"एवढी कटकट कशाला, बाई ठेवा," असा सल्ला पैसेवाले देतात. ठेवावी, वेळेवर आणि पुरता पगार द्यावा, तिच्या सुट्टीला खाडा म्हणू नये. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. तो दुसऱ्या बाईच्या घरी जातो. चार घरची भांडी घासून ती स्वतःच्या मोरीशी जाते, तेव्हा तिथे कालनिर्णयावर कुणाचे अक्षर असते?

या कामाची किंमत होतच नाही असे मात्र नाही. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या अपघाताच्या एका दाव्यात सांगितले, की गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलेच पाहिजे. निकाल चांगला आहे. फक्त त्या हिशेबाचा कागद घरात येतो तेव्हा त्या बाईच्या फोटोला हार घातलेला असतो.

आपले स्नेहसंमेलन जवळ आले आहे. मंडप, लाऊडस्पीकर आणि पाहुण्यांना आणायची गाडी या समित्यांवर दरवर्षी मुलांची नावे असतात. रांगोळी, स्वागत आणि अल्पोपाहार यांवर मुलींची. कार्यक्रम संपल्यावर मागच्या नळाशी दीड-दोनशे कपबशा साचतात, त्यांची समिती अजून स्थापन व्हायची आहे. नावे मुलांच्या खोल्यांवरच्या दारामागून उतरवून घ्यावीत. तिथे अनुभवी मंडळी वारासकट लिहिलेली आहेत.