जर्मन दिवा आणि पाड्यावरची चिमणी

चिनीमातीचा जुना जर्मन दिवा घ्यायचा, तर आधी तो उलटा करून पाहावा. बुडाशी निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसल्या तर तो माइसनचा असू शकतो. राजदंड दिसला तर बर्लिनच्या शाही कारखान्याचा. पण या खुणांच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. मग दिवा अखंड आहे का हे पाहायला हलकी टिचकी मारावी. अखंड दिवा खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो.

मला मात्र नक्षीपेक्षा बर्नर मोलाचा वाटतो. बर्लिनच्या ‘विल्ड अँड वेसेल’ने १८६५ च्या सुमारास ‘कॉसमॉस’ बर्नर आणला. त्यात सपाट वात वर जाताना वळून नळीसारखी गोल होते, ज्योतीला आतून-बाहेरून हवा मिळते. काचेची बारीक कंबर ती हवा ज्योतीवर आणते आणि रॉकेल जवळजवळ धूर न होता जळते. असा दिवा भोक पाडून विजेवर चालवला की त्यातली सारी कारागिरी संपते. म्हणून बर्नर शाबूत असलेलाच दिवा मी घेतो.

हे दिवे डहाणू तालुक्यातल्या कासा इथल्या माझ्या घरात आहेत. आजूबाजूच्या पाड्यांवर मात्र उजेड असायचा तो चिमणीचा: औषधाची रिकामी बाटली, झाकणाला भोक, त्यातून ओढलेली चिंधीची वात. तेल तेच, वातीने ते वर ओढण्याची रीतही तीच. काच नसल्याने धूर मात्र घरभर. त्याच उजेडात भाकऱ्या भाजल्या गेल्या, बाळंतपणं झाली, पोरांनी अक्षरं गिरवली. लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्स बत्ती यायची; तिचं नावही बर्लिनच्याच ‘एरिश अँड ग्रेट्झ’ कारखान्याचं. जर्मन दिव्यांची माहिती आज सहज मिळते. चिमणी कोणी जपली?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) समया आणि लामणदिव्यांबरोबर अडकित्ते, कुलपं, वज्र्याही गोळा केल्या. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंतली कला त्यांना दिसली. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी आपल्या संग्रहालयाला दिलं. संग्राहकाची नजर कशी असावी, हे मी तिथे शिकलो.

त्याच नजरेने आपल्या भागाकडे पाहायला हवं. चिमणीच्या बुडाशी कारखान्याची खूण नसते. तिची ओळख ती पेटवणाऱ्या माणसांकडेच आहे आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. डहाणू-तलासरीतल्या शाळांनी हे काम हाती घ्यावं. मुलांनी आजीला विचारावं: चिमणी कोणी बनवली, वात कशाची, रॉकेल संपलं की काय करायचात? उत्तरं आजीच्याच बोलीत लिहून चिमणीसोबत ठेवावीत. एखाद्या वर्गातलं एक कपाट त्याला पुरेल. वाचकहो, माळ्यावर अशी चिमणी सापडली तर ती भंगारात देऊ नका. जवळच्या शाळेत नेऊन द्या.