‘कायमस्वरूपी’ शब्दातील फट

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसावे, एकेका काल्पनिक वीराची भूमिका घ्यावी आणि संकटातून निभावते की नाही याचा निर्णय फाशांवर सोपवावा, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. पुढे त्याची मालकी आलेल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने २००० साली त्याचे मूळ नियम खुल्या परवान्याने इतरांनाही वापरू दिले. हा धर्मादाय नव्हता. इतरांच्या पुस्तकांनी मूळ खेळाचा खप वाढावा, हा हिशेब त्यामागे होता. त्यात गैरही काही नाही. त्या भरवशावर अनेक लहान प्रकाशकांनी आपला व्यवसाय उभारला.

परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता. ‘मागे न घेता येणारा’ हा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये फुटलेल्या नव्या मसुद्याने नेमकी हीच फट हेरली. जुना परवाना रद्दबातल ठरवायचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नातून २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क घ्यायचे, असा तो बेत! खेळाची रीत कोणाच्या मालकीची नसते, मालकी असते ती तिच्या शब्दांकनाची, असे अमेरिकी कायदा मानतो खरा. पण ते न्यायालयात सिद्ध करण्याचे बळ लहान प्रकाशकाने आणायचे कोठून?

खेळाडूंनी गहजब केला, वर्गण्या बंद केल्या. त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले केले. श्रेयनिर्देश एवढीच त्याची मुख्य अट, आणि २००० साली राहून गेलेला तो शब्द या परवान्यात स्पष्ट लिहिलेला आहे.