अंधूक उजेडातील फोटो

खोलीत एकच ट्यूबलाइट, आणि आजी नातवाला पेढा भरवते आहे. हा क्षण पुन्हा येणार नाही. अशा वेळी डिजिटल कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवायला मंडळी का कचरतात? आम्ही तर म्हणतो, बिनधास्त वाढवा! १०० आयएसओवर पाव सेकंद लागत असेल, तर १६०० वर सेकंदाचा साठावा भाग पुरतो. फोटोत दाणे उठतात, हे खरे. पण पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत ते फारसे जाणवत नाहीत. हललेला चेहरा मात्र कोणताही स्टुडिओवाला पुरता सुधारून देणार नाही. धावत्या पोरासाठी ६४०० सुद्धा लावा. फ्लॅशने आजीचे डोळेच मिटतील! फक्त फोटो काळपट काढू नका. मागाहून उजळला की दाणे जास्तच दिसतात.